'निघून का जात नाहीत?' : झपाटलेल्या घरांच्या कादंबऱ्या

लिमलेट

झपाटलेल्या घराची कादंबरी वाचताना मला दर वेळी एकच प्रश्न छळतो, आणि तो भुताबद्दलचा नसतो. ही माणसं तिथून निघून का जात नाहीत? पहिल्या रात्री दार आपोआप लागतं, दुसऱ्या रात्री जिन्यात पावलं वाजतात, तिसऱ्या दिवशी घरातलं पोर रिकाम्या खोलीत कुणाशी तरी खिदळत असतं. एवढ्यावर तुम्ही-आम्ही पिशवीत दोन कपडे कोंबून स्वारगेट गाठलं असतं. ही मंडळी सकाळी उठून चहा घेतात आणि 'उंदीर असतील' म्हणतात.

बरीच पुस्तकं पालथी घातल्यावर माझं मत झालंय की भूत कसंही असलं तरी चालतं. निघून न जाण्याचं कारण लेखकाकडे आहे की नाही, त्यावर कादंबरी तरते नाहीतर बुडते. 'बाहेर वादळ आहे, पूल वाहून गेलाय' ही पळवाट झाली. खरी कारणं पैशाची, नात्याची आणि हक्काची असतात.

मुळात हा प्रकार सुरूच झाला हक्कावरून. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' १७६४ च्या डिसेंबरात आली, पहिली गॉथिक (म्हणजे जुने किल्ले, भुतं, भय यांची) कादंबरी म्हणून तिचंच नाव घेतात. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या अंगावर एक राक्षसी शिरस्त्राण कोसळतं आणि तो चिरडून मरतो. आज वाचताना हसू येतं. पण पुढे कळतं की किल्ल्याच्या मालकाच्या आजोबाने मूळ धन्याला विष घालून, खोटं मृत्युपत्र करून किल्ला लाटलेला आहे. थोडक्यात दिवाणी दावा. शिवाजीनगर कोर्टात असले ढिगाने पडलेत, शिरस्त्राण तेवढं पडायचं राहिलंय.

उत्तम कारण बघायचं तर शर्ली जॅक्सनची १९५९ ची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस'. (पुढे शेवट फोडलाय. वाचायची असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा.) एलिनॉर बत्तीस वर्षांची आहे. अकरा वर्षं तिने आजारी आईचं सगळं केलं. आई गेल्यावर बहिणीच्या घरी आली, आणि तिथे बाळाच्या खोलीत एका खाटेवर झोपते. गाडी दोघी बहिणींच्या पैशाची, पण हिने किल्ली मागितली की बहीण-मेव्हण्याचा नकार. शेवटी न सांगता ती गाडी काढते आणि भुतांचा अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरच्या बोलावण्यावरून हिल हाउसला जाते. त्या घरातला प्रत्येक कोन जरासा चुकवून बांधलाय, म्हणून उघडी ठेवलेली दारं आपली आपण लागतात. भिंतीवर तिचं नाव उमटतं. बाकीच्यांची पाचावर धारण बसते, आणि हिला मात्र आयुष्यात पहिल्यांदा वाटतं की मी कुणाला तरी हवी आहे. शेवटी तिच्याच भल्यासाठी तिला घरी परत धाडायचं ठरतं, तेव्हा ती गाडी झाडावर घालते. घरी म्हणजे कुठे जायचं होतं तिने? त्याच खाटेवर ना?

हे वाचताना मला भीती कमी वाटली आणि नात्यातल्या दोन-तीन बायका जास्त आठवल्या. कुणाच्या त्या आत्या असतील, कुणाच्या मावशी. प्रत्येक वाड्यात एक तरी असायची.

तर मंडळी, तुम्ही या पुस्तकांकडे का जाता? मराठी-इंग्रजी सगळं चालेल. 'भुतं असतात का' यावर मात्र कृपया इथे दंगा नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

बोरूबहाद्दर

भुताला फारच स्वस्तात काढलंत राव. मी घाबरायला वाचतो, एवढं साधं आहे. दिवाणी दावे वाचायचे असते तर वकिली केली असती.

आमच्या पिढीला घाबरायला शिकवलं नारायण धारपांनी (१९२५-२००८). गल्लीतल्या लायब्ररीत त्यांची पुस्तकं कधी शेल्फवर दिसायचीच नाहीत, कायम कुणाकडे तरी गेलेली. हाताला लागलं तर कव्हर गेलेलं, मधलं एखादं पान गायब, आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं 'रात्री वाचू नये'. त्यांच्या 'लुचाई' कादंबरीमागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५) आहे हे पुढे कळलं. त्याने काही बिघडलं नाही.

तुमच्या प्रश्नाला धारपांकडे वेगळंच उत्तर आहे, हे लक्षात घ्या. समर्थ या त्यांच्या नायकाच्या कथांमध्ये माणसं घर सोडत नाहीत, कारण जाणकार माणूस येणार असतो. समर्थ येतात, शांतपणे ऐकून घेतात, विषयाची माहिती त्यांना असते. घरात आजारपण आलं की डॉक्टरांना बोलावतो, तसंच. हिल हाउसमध्ये डॉक्टरसाहेब वहीत नोंदी करत बसतात आणि बाई मरते.

लिमलेट

बोरूकाका, हे आवडलं. पण समर्थ आले की मला थोडं हुश्श होतं आणि पुस्तकाची पकडही तिथेच सुटते. कुणीही येणार नाही, आपलं आपणच निस्तरायचं, यातली भीती जास्त टिकते.

डोंगरवाट

थोडा वेगळा मुद्दा. आपली भुतं मुळात घरात राहतच नाहीत. मुंजा पिंपळावर, हडळ पाणवठ्याला, वेताळ गावकुसाबाहेर, बाकीची मसणवाटेत. पुण्यात मुंजाबाचा बोळ आहे, मुंजाबाचा फ्लॅट ऐकलाय कुणी? घराच्या आत काय तो समंध, आणि तोही पुरलेल्या पैशावर बसलेला.

याचं कारण मला तरी सोपं दिसतं. झपाटलेलं घर व्हायला रिकाम्या खोल्या लागतात. आमच्या आजोळच्या वाड्यात चौकाच्या चारी बाजूंनी बिऱ्हाडं होती आणि सगळ्यांत मिळून दोन संडास. रात्री दोन वाजता खाली उतरलं तरी कुणीतरी कंदील आणि टमरेल घेऊन उभं. भूत आलंच असतं तर त्यालाही 'नंबर लावा' म्हणाले असते. विलायती कादंबरीत चार माणसांना चाळीस खोल्या, मग उरलेल्या छत्तीस खोल्यांत काहीतरी येऊन राहणारच.

आपलं सगळ्यांत प्रसिद्ध झपाटलेलं घर शनिवारवाडा, पण तिथे घरच नाही. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, आणि १८२८ च्या आगीत आतली इमारत खाक झाली. आता तट, दरवाजे, जोती आणि कारंजी. 'काका मला वाचवा' ऐकू यायचं तर कुठल्या दालनातून? भूत आहे आणि घर नाही, असा मामला.

लिमलेट

आणि तिथेही काका-पुतण्या आणि गादी! वॉलपोलला सांगितलं असतं तर शिरस्त्राण वगळून लिहिली असती त्याने.

माळ्यावरची पेटी

डोंगरवाट, भुतं बाहेर हे कबूल. पण घर ऐकतं ही समजूत आपल्याकडे चांगली मुरलेली आहे की. लहानपणी खेळताना नुसतं 'मेले गं' म्हटलं तरी आजी डोळे वटारायची. वास्तू तथास्तु म्हणते, घरात अभद्र बोलू नये.

वास्तुशांतीत आपण काय करतो ते जरा त्रयस्थासारखं बघा. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेयेला, पालथी पुरतो आणि वर फरशी बसवतो. म्हणजे घरात आपल्या आधीचा एक रहिवासी, जमिनीखाली, तोंड खाली करून, आपण बोलू त्याला हो म्हणणारा. याहून भयंकर कल्पना कुठल्या इंग्रजी कादंबरीत आहे सांगा.

भावाच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा ओट्याखालच्या कोपऱ्यात एक फरशी मुद्दाम उखडून ठेवली होती. फरशीवाला घमेल्यात सिमेंट कालवून दाराशी मोबाइल बघत बसलेला, कारण गुरुजींचं अजून व्हायचं होतं. मग प्रतिमा ठेवली, वर माल, वर फरशी, त्याने हातोडीच्या दांड्याने चार ठोके दिले आणि 'दोन दिवस पाय देऊ नका' म्हणाला. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मला आपलं सारखं वाटत राहिलं की हा पालथा पडलाय म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या स्वयंपाकघरात बघतोय.

आता मी का वाचते ते. या कादंबऱ्यांत आवाज सगळ्यांत आधी बाईला ऐकू येतो, आणि ते खरंच आहे. घरातल्या आवाजांचा हिशेब तिच्याकडे असतो. शिट्टी आपल्या कुकरची की शेजारच्या, कुठला नळ ठिबकतोय, टाकी भरली की नाही, कपाटाचं कुठलं दार कुरकुरतं, सगळं तिला पाठ. म्हणून नवा आवाज आला की तिला तो नवा आहे हे लगेच कळतं. आणि नवरा पेपरामागून म्हणतो, तुला भास होतोय. अर्धी भीती तिथे असते. भूत एकवेळ परवडलं, त्याने निदान आपली दखल तरी घेतलेली असते.

लिमलेट

पेटीताई, शेवटच्या वाक्याला दंडवत.

अर्धा कप

जुन्या वाड्यांच्या तपासणीचं काम करतो, म्हणून आवाजांबद्दल थोडं. सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे, मध्ये विटा-मातीच्या भिंती, वर तुळया आणि पाटणी, त्यावर कधीतरी पुढे टाकलेला पत्रा. दिवसभर तापलेला पत्रा रात्री निवतो, आवळतो आणि खिळ्यांपाशी कडाडतो. लाकूडही कमी-जास्त होतं. पाटणीतून घुशी फिरतात. तुमची जिन्यातली पावलं यातच आली.

विज्ञानातलं एक जुनं प्रकरण आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात डॉ. विल्मर यांनी एका कुटुंबाची हकिगत छापली. नव्या घरात आल्यापासून डोकेदुखी, रात्री पावलं, खोलीत अनोळखी माणसं दिसणं. शोध घेतल्यावर तळघरातली भट्टी बिघडलेली सापडली, कार्बन मोनॉक्साइड घरभर पसरत होता. दुरुस्ती झाली आणि भुतं गेली. गंमत म्हणून सांगत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं, तो वायू पावलं न वाजवता माणूस नेतो.

एवढं माहीत असूनही एका कादंबरीने माझी झोप उडवली. मार्क डॅनियलेव्स्कीची 'हाउस ऑफ लीव्ह्ज', सन २०००. त्यात घर आतून मोजलं तर बाहेरच्या मापापेक्षा पाव इंच जास्त भरतं. बस्स, एवढंच. पुन्हा मोजतात, दुसरी साधनं आणतात, तज्ज्ञ बोलावतात, पाव इंच काही जात नाही. ज्याचा दिवस टेप धरण्यात जातो त्यालाच यातली भीती कळेल. अर्थात पुण्यात आतलं माप जास्त भरलेलं मी अजून पाहिलेलं नाही. भरलं तर बिल्डर त्याचेही पैसे लावेल.

बोरूबहाद्दर

शास्त्रज्ञ आले, भुतं पळाली. समर्थांचंच काम केलंत की हो.

भाडेकरू नं. ९

लिमलेट म्हणतात त्या पैशाच्या कारणाचा मी चालताबोलता पुरावा आहे. पेठेचं नाव सांगत नाही, मालकांचंही नाही.

आमचं बिऱ्हाड वाड्यात दुसऱ्या मजल्यावर. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडं गोठलेलं, महिन्याला चहा-बिस्किटांइतकं. मालकांना वाडा पाडायचा होता, आम्हाला सोडायचा नव्हता. आधी दुरुस्ती बंद झाली, मग जिन्यातला दिवा गेला. मग एकाएकी वाड्यात बोलणं सुरू झालं की वरच्या बंद खोलीत पूर्वी एक बाई गेली होती आणि ती आता दिसते. ही बाई आधीच्या कुणाला कधी दिसली नव्हती, दावा लागल्यावर दिसायला लागली. दोन बिऱ्हाडं खरंच गेली. आई मात्र म्हणाली, 'दिसली तर दिसू दे, तिलाही भाडं परवडत नसेल.' आम्ही राहिलो, कारण दुसरीकडचं डिपॉझिट भरायची ऐपत नव्हती.

पुढे 'अ‍ॅमिटीव्हिल हॉरर' वाचलं तेव्हा सगळं ओळखीचं वाटलं. जे अ‍ॅन्सनचं पुस्तक, १९७७ चं. १९७४ मध्ये तिथे एका तरुणाने आपल्या घरातली सहा माणसं गोळ्या घालून मारली. पुढच्या वर्षी लुट्झ कुटुंबाने ते घर ८०,००० डॉलरना घेतलं, इतक्या मोठ्या घराला ते स्वस्तच, आणि २८ दिवसांत सोडलं. 'सत्यकथा' म्हणून विकलं गेलं, नंतर त्या खुन्याच्याच वकिलाने सांगितलं की आम्ही बसून रचलं होतं. ते असो. स्टीफन किंगने 'डान्स मकाब्र' या भयकथांवरच्या पुस्तकात त्यावरच्या सिनेमाबद्दल लिहिलंय की ही भुतांपेक्षा पैशाच्या काळजीची गोष्ट आहे. घराची वाट लागत असताना थिएटरात त्याच्या मागे बसलेली एक बाई कळवळून म्हणते, बिलं केवढी येतील! त्याच गोष्टीत मेव्हण्याच्या लग्नाचे, केटररला द्यायचे पंधराशे डॉलर घरातून गायब होतात. भिंतीतून काहीबाही निघतं त्यापेक्षा मला ते पंधराशे डॉलर जास्त लागले.

कोथरूडची

+१. गृहकर्ज चालू असलेल्या माणसाला 'घर सोडून जा' सांगणं सोपं नाही. आधी तो बँकेला विचारेल.

पण जुना वाडा, जुना खून असं काही लागतंच असं नाही. अ‍ॅन रिव्हर्स सिडन्सची 'द हाउस नेक्स्ट डोअर' (१९७८) वाचा. घर कोरं करकरीत, तरुण आर्किटेक्टने मन लावून बांधलेलं, इतिहास शून्य. तरी जो राहायला येतो त्याचं वाटोळं होतं. आणि हे सगळं सांगतात ते शेजारी, खिडकीतून. पडदा बाजूला करून समोरच्यांकडे कोण आलं-गेलं बघणं ही आपल्याकडची जुनी कला आहे, त्यामुळे मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

सायलेंट वाचक

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सगळ्यांनी मिळून एक कारण वगळलंय. तिथे राहावंसं वाटतं, म्हणून माणूस जात नाही.

रवींद्रनाथांची 'क्षुधित पाषाण', १८९५. सत्येंद्रनाथ, त्यांचे थोरले भाऊ, अहमदाबादला न्यायाधीश होते आणि शाहीबागेतल्या मोगली महालात राहत. १८७८ मध्ये, सतरा वर्षांचे असताना, रवींद्रनाथ तिथे जाऊन राहिले. भाऊ कचेरीत गेला की एवढ्या मोठ्या महालात एकटे. त्या दिवसांतून ही कथा आली. नायक कापसावरचा कर वसूल करणारा सरकारी माणूस. दिवसा कोट-टोपी घालून हिशेब तपासतो, आणि संध्याकाळ झाली की त्याला कचेरीतल्या कागदांची शिसारी येते, पाय महालाकडे ओढ घेतात. अडीचशे वर्षांपूर्वीची अत्तरं, पैंजण, कुणीतरी चालत गेल्याची झुळूक. त्याला सगळे सांगतात, तिथे रात्र काढू नकोस. वेडा मेहेर अली रोज पहाटे बाहेर ओरडत फिरतो की लांब राहा, सगळं खोटं आहे. पण याला दिवसाचं आयुष्यच खोटं वाटायला लागलेलं असतं.

मी वाचतो ते यासाठी. आठ तास कागद उपसल्यावर असा महाल कुणी देऊ केला तर मी तरी 'नको' म्हणणार नाही.

बोरूबहाद्दर

कथा सुंदरच, पण धागा कादंबरीचा आहे, आणि मराठीची खरी अडचण इथेच आहे. आपलं भय कथेत वाढलं. दिवाळी अंकांना कथा लागायची. 'नवल'सारख्या अंकांनी गूढकथेला हक्काची जागा दिली, रत्नाकर मतकरींनी (१९३८-२०२०) तिला कळसाला नेलं. पण कथा म्हणजे एक रात्र. घर अंगवळणी पडायला मुक्काम लागतो. कुठली पायरी मोडकी, ऊन कुठल्या खिडकीतून येतं, हे वाचकाला पाठ झालं की मग एक दिवस ऊन भलत्या खिडकीतून आणायचं. त्याला तीनशे पानं लागतात.

डोंगरवाट

मग लिहा की बोरूकाका, नावातच बोरू आहे. साहित्य मी पुरवतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, जमिनीखालच्या दगडी नळाने, पेठांमधल्या हौदांपर्यंत. वाटेत हवेसाठी उभारलेले दगडी उच्छ्वास. आता विचार करा, एका वाड्यातला हौद कधीच बुजवलाय, वर पार्किंग झालंय, आणि तळमजल्यावरच्या बाईंना खालून पाणी भरल्याचा आवाज येतो. घागर बुडवल्याचा.

शिवाय १२ जुलै १९६१ आहेच. पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले वाडे बुडाले, पाणी उतरल्यावर भिंतींवर चिखलाची रेघ राहिली. दर वर्षी रंग दिला तरी ती रेघ वर येते, आणि दर वर्षी बोटभर उंच. एवढ्यात अर्धी कादंबरी झाली.

अर्धा कप

रेघ वर येते कारण ओल भिंतीतून केशाकर्षणाने चढते आणि क्षार बाहेर टाकते. पण बोटभर उंच... हे ठेवा. हे चांगलं आहे.

माळ्यावरची पेटी

बाई निघून का जात नाही, ते ठरवा आधी. नाहीतर लिमलेट मागे लागतील.

भाडेकरू नं. ९

सोपं आहे. पुनर्विकास. ती सही करत नाही म्हणून बाकीचे अडलेत, आणि ती गेली की तिचा ताबा जाणार. खालून घागरीचा आवाज येवो नाहीतर हंड्याचा, ताबा सोडायचा नाही. आईच्या बाजूने मी साक्ष देतो.

कोथरूडची

सोसायटी असेल तर ५१ टक्के संमती पुरते हो, २०१९ पासून. एकटीने अडवता येणार नाही.

भाडेकरू नं. ९

म्हणूनच वाडा हवा, सोसायटी नको. आणि खाली जो कोण पाणी भरतोय तो १७५० पासूनचा असेल तर सगळ्यांत जुना भाडेकरू तोच. त्याला काढायला मालकाला कोर्टातच जावं लागेल.

बोरूबहाद्दर

समन्स कुठे बजावायचं, हौदावर? बरं, मी पहिलं प्रकरण लिहायला घेतो. कार्पेट एरिया अर्धा कप यांनी तपासून द्यावा, आतून आणि बाहेरून.